आधी खोकी मोजा, मग पोस्ट टाका: डिजिटल मार्केटिंगचं पहिलं काम हातात घेणाऱ्यांसाठी

डिजिटल मार्केटिंग शिकून बाहेर पडलेल्यांना पहिलं काम बहुतेक वेळा ओळखीतूनच मिळतं. मामांचं दुकान, मैत्रिणीच्या सासरची बाग, गावातला लॉज. मग पहिल्याच आठवड्यात इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, एक्स, लिंक्डइन अशी पाच खाती उघडली जातात, कॅन्व्हावर लोगो होतो आणि ‘लवकरच येत आहोत’ अशी पोस्ट पडते. दोन महिन्यांत त्यातली चार खाती ओस पडलेली असतात. नवखी माणसं मेहनतीला कमी पडत नाहीत. ती मोजायला लागतात ते मोबाइलच्या पडद्यावरून, आणि धंदा असतो पडवीत.

पुढची सगळी मांडणी एकाच उदाहरणावर केली आहे: देवगडकडची एक हापूसची बाग आणि वाशीच्या दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) बघून कंटाळलेले, थेट गिऱ्हाइकाला आंबा विकू पाहणारे काका. आंबा मुद्दाम घेतला. हंगाम दोन महिन्यांचा, माल नाशवंत, आणि मार्चमध्ये चुकलेल्या गोष्टीचं उत्तर मेमध्ये मिळतं. केकवाल्या ताईंना किंवा क्लास चालवणाऱ्या सरांनाही हीच रीत लागू पडते. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तिथे तुमच्या माणसाचे आकडे भरा.

पहिली पायरी: पडवीतून सुरुवात करा

पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नका. वही काढा आणि विचारा.

“काका, रोज किती खोकी भरून होतात?”

“माणसं मिळाली तर पंचवीस. नाहीतर पंधरा.”

“आणि फोन कोण घेणार?”

“वहिनी बघेल. पण दुपारी नाही, तेव्हा आढीचं काम असतं.”

या दोन उत्तरांत तुमची अर्धी रणनीती आली. दिवसाला जास्तीत जास्त पंचवीस खोकी आणि दुपारी बंद राहणारा फोन. यापलीकडे मागणी आणलीत तर ती मागणी नव्हे, तक्रार असते. आगाऊ पैसे भरलेल्या माणसाला आठ दिवस आंबा मिळाला नाही की तो गूगलवर एक तारा देऊन मोकळा होतो, आणि तो तारा पुढच्या हंगामातही तिथेच असतो.

आता उलटा हिशोब मांडा. समजा काकांना यंदा थेट विक्रीला २ डझनांची ५०० खोकी काढायची आहेत, बाकी माल नेहमीसारखा वाशीला आणि उरलेला कॅनिंगला. एक घर हंगामात सरासरी दोन खोकी घेतं असं धरलं तर २५० घरं लागतात. त्यातली ९० जुन्या ओळखीची आहेत. उरली १६०. चौकशी करणाऱ्या चौघांतला एक जण घेतो असं धरा, म्हणजे ६४० चौकश्या. हंगाम ५० दिवसांचा धरला तर दिवसाला साधारण तेरा.

तेरा चौकश्या! दहा लाख व्ह्यूजची गरजच नाही. रोज तेरा खरी माणसं वहिनींच्या फोनवर यावीत आणि त्यांना धड उत्तर मिळावं, एवढंच काम आहे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे कोणी “अमक्याची रील बघ, काय चालली!” म्हणालं की ते पान उघडायचं.

सरासरी फसवी असते, तेवढं मात्र ध्यानात ठेवा. फळ सारखं येत नाही. मोहोर दोन-तीन टप्प्यांत आला तर तोडणीही टप्प्यांत येते, आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात मागणी एकदम चढते. त्या आठवड्यात जाहिरात वाढवायची नसते, थांबवायची असते. नवशिक्यांना हे सगळ्यात उलटं वाटतं.

दुसरी पायरी: गिऱ्हाईक टेम्पोच्या वाटेवर शोधा

अभ्यासक्रमात ‘ग्राहकाचं चित्र रंगवा’ असा एक धडा असतो: वय ३५ ते ५०, उत्पन्न अमुक, आवड तमुक. तो वाईट नाही, पण इथे आधीचा प्रश्न टेम्पोचा आहे. टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याला जातो, आणि चालक कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात माल उतरवायला तयार आहे. झालं, तुमचं गिऱ्हाईक ठरलं. नागपूर नको, बंगळूर नको, या वर्षी ठाणे-डोंबिवलीसुद्धा नको.

एका भागात पन्नास घरं मिळाली की तीच घरं पुढची पन्नास आणतात, कारण सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप एकच असतो. पन्नास घरं पन्नास गावांत विखुरली तर प्रत्येक खोक्यामागे कुरिअरचा खर्च, वाटेत दबलेली फळं आणि पत्त्यांचा गोंधळ एवढंच पदरी पडतं. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) जाहिरातीत नकाशावर पिन टाकून तिच्याभोवतीचा परिघ निवडता येतो. बहुतेक नवखे तिथे अख्खा महाराष्ट्र ठेवतात. तुम्ही टेम्पोची वाट ठेवा.

परदेशाचा विषय काका काढतीलच, कारण प्रत्येक बागायतदाराचा कोणीतरी न्यू जर्सीत असतो. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ २००७ साली खुली झाली, पण तिथे जाणाऱ्या फळावर विकिरण प्रक्रिया व्हावी लागते आणि ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच होते; लासलगावचं केंद्र त्यांतलंच. हे निर्यातदाराचं काम आहे, इन्स्टाग्रामचं नव्हे. न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र एक गोष्ट जरूर विकता येते: पुण्यातल्या त्याच्या आईवडिलांच्या घरी पोहोचणारं खोकं. ती तुमच्या टेम्पोच्या वाटेवर आहे.

तिसरी पायरी: ‘यंदा नाही’चं पान

वहीचं दुसरं पान या यादीसाठी ठेवा. आमच्या नमुन्यात ती अशी होईल: यूट्यूब चॅनल यंदा नाही. स्वतःचं ॲप कधीच नाही. पेमेंट गेटवे आणि कार्ट असलेली वेबसाइट यंदा नाही. यूपीआयचा क्यूआर पुरे. पैसे घेऊन रील करणारे इन्फ्लुएन्सर यंदा नाहीत. आंबापोळी आणि आमरसाचे डबे हा वेगळा धंदा आहे, त्याचं लेबल वेगळं, परवाना वेगळा, तोही यंदा नाही.

प्रत्येक ‘नाही’समोर एका ओळीत कारण आणि पुन्हा विचार करण्याची तारीख लिहा, १० जून वगैरे. तारीख असली की काकांना नकार ऐकल्यासारखं वाटत नाही, आणि तुम्हालाही एप्रिलच्या धामधुमीत तोच वाद पुन्हा घालावा लागत नाही. पान दोघांनी मिळून लिहायचं आणि त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवायचा.

हे पान लिहिताना मन कचरतं. आपण काही सोडतोय, मागे पडतोय असं वाटतं. अशा वेळी गेल्या काही वर्षांकडे बघावं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. सामान्य वापरकर्त्यांसाठीचं गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळलं गेलं. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी आणली आणि महाराष्ट्रातल्या खेडोपाडीच्या कित्येकांनी जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सगळ्यांनी शून्यापासून पुन्हा सुरुवात केली. २०२१ मध्ये क्लबहाउस या गप्पांच्या ॲपवर नसलेला माणूस मागासलेला ठरत होता. या सगळ्या उलथापालथीत ज्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर स्वतःच्या वहीत होते, त्याचं फारसं काही बिघडलं नाही. नवं व्यासपीठ आलं की लगेच उडी मारण्यापेक्षा सहा महिने बघत राहणं लहान धंद्याला परवडतं. मोठ्या ब्रँडांचं गणित वेगळं, त्यांच्याकडे प्रयोगांवर उडवायला पैसे असतात.

चौथी पायरी: एक गल्ला, एक पाटी

आमच्या बागेसाठी गल्ला म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस आणि पाटी म्हणजे गूगलवरची व्यवसायाची नोंद. इन्स्टाग्राम असलंच तर काचेच्या कपाटासारखं. आठवड्याला दोन पोस्ट, बस.

आधी गल्ला. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. त्यात चार गोष्टी नीट लावा. कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू: लहान, मध्यम, मोठं फळ, प्रत्येकाची किंमत पोहोच खर्चासकट. ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ हा प्रकार बंद करा. ज्याला किंमत परवडत नाही तो आपोआप गळला तर वहिनींचाच वेळ वाचतो. दुसरं, दुपारसाठी आपोआप जाणारा निरोप: “आत्ता आढीचं काम चालू आहे, संध्याकाळी ५ नंतर उत्तर देतो.” हा निरोप जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास कमावतो, कारण त्यातून पलीकडे बाग आहे हे कळतं. तिसरं, ठरलेल्या प्रश्नांची तयार उत्तरं. चौथं, लेबलं: चौकशी, पैसे आले, टेम्पोत गेलं, पोहोचलं, तक्रार. पाचच. वीस लेबलं लावणाऱ्याची लेबलं आठवड्यात मरतात.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, एक मोठा गैरसमज आहे. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. म्हणून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाका: नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडणीची तारीख कळवू. कुठून तरी विकत घेतलेल्या हजार नंबरांवर निरोप पाठवण्याच्या फंदात पडू नका. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो, तोही ऐन हंगामात. शिवाय माणसांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय वापरण्यावर २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा आहे. गिऱ्हाईक स्वतःहून बोलायला आलं तरच नंबर यादीत घ्या, आणि ‘नको’ म्हणालं तर काढा.

आता पाटी. जुन्या व्हिडिओंमध्ये तिला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणतात. २०२१ च्या अखेरीस तिचं नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं. ही नोंद सगळ्यांना मिळत नाही. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणारा धंदा असावा लागतो: माणसं बागेत येतात, किंवा तुमचा माणूस घरपोच देतो. केवळ ऑनलाइन ऑर्डर घेऊन कुरिअरने पाठवणारा त्या नियमात बसत नाही. आपला टेम्पो आहे, म्हणून बसतो. पडताळणीला कधी दिवस जातात, कधी आठवडे, व्हिडिओ मागितला जातो, तोही कधी परत येतो. तेव्हा हे काम जानेवारीत करा. मार्चमध्ये सुरू केलंत तर मंजुरी येईपर्यंत बाग रिकामी होईल. नाव खरंच जे आहे तेच लिहा. नावातच ‘बेस्ट देवगड हापूस पुणे स्वस्त’ घुसवणाऱ्यांची नोंद गूगल थांबवू शकतं. अभिप्राय प्रत्येकाकडे मागा, पण त्याच्या बदल्यात सवलत देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

पाचवी पायरी: लोक विचारतात तेच लिहा

इथे रेंगाळायला हवं, कारण बहुतेकांचं काम इथेच पातळ होतं. ‘शुभ सकाळ’, ‘महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात लोगो. अशी चित्रं कोणी थांबून बघत नाही.

वहिनींना आठ दिवस फक्त एक काम द्या: आलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवायचा. तुम्हाला दिसेल की साधारण दहा-बारा प्रश्नच फिरून फिरून येतात. हा आंबा कर्नाटकचा तर नाही? कार्बाइड लावलंय का? हिरवा आला, पिकवायचा कसा? आत पांढरं आणि कडक निघालं, पैसे परत मिळतील? फ्रिजमध्ये ठेवू का? मोठं फळ गोड की लहान? गुढीपाडव्याला मिळेल का, आणि भाव कधी उतरेल?

एका प्रश्नाला एक पोस्ट किंवा एक मिनिटाचा व्हिडिओ. दोन महिन्यांचा मजकूर तयार झाला. उत्तर द्यायचं ते काकांनी, त्यांच्या बोलीत, बागेत उभं राहून. तुम्ही मागे राहून आवाज स्वच्छ येतोय ना आणि फळावर ऊन पडलंय ना एवढं बघा. नूतन झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ देठासकट कसं उतरवतात हे दाखवणारा साधा व्हिडिओ कोणत्याही चकचकीत जाहिरातीला मागे टाकतो, कारण पुण्यातल्या मुलांनी झेला पाहिलेलाच नसतो.

उत्तरं खरी हवीत. साक्याचंच घ्या. फळ बाहेरून देखणं, आत पांढरट कडक गर. कापल्याशिवाय कळत नाही. ‘आमच्या बागेत साका नाही’ असं लिहिणं म्हणजे मे महिन्यात खोटं ठरण्याची तयारी. त्यापेक्षा लिहा: साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या टेम्पोत बदली फळ देतो. हे वाक्य काकांना विचारून, खर्च मोजून लिहायचं.

कार्बाइडचं तसंच. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदीच आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत चालतो. मग ‘आमचा आंबा कार्बाइडमुक्त’ यात विशेष ते काय? त्यापेक्षा गवतात आढी कशी लावतात, फळ रोज कसं बदलत जातं, हे रोज एक फोटो काढून दाखवा. बघणारा स्वतः ठरवेल.

भौगोलिक मानांकनाबद्दल, म्हणजे माल अमुक भागातलाच असल्याची जी सरकारी नोंद असते तिच्याबद्दल, तर दुप्पट सावध. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात आहेत. पण या जिल्ह्यात बाग असली म्हणून कोणालाही ते चिन्ह खोक्यावर छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. काकांची नोंदणी आहे का, हे कागद बघून मगच डिझाइनमध्ये घ्या. चिन्ह गूगलवरून उतरवून चिकटवणारे डिझाइनर पुष्कळ आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका.

शब्दांचं एक. लोक मराठीत बोलतात, पण शोधताना बरेचदा इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, आणि काही जण नुसतं ‘अल्फान्सो मँगो पुणे’ शोधतात. गूगल ट्रेंड्स फुकट आहे. त्यात दोन-तीन शब्द शेजारी ठेवा, महाराष्ट्र निवडा, गेल्या पाच वर्षांचा आलेख बघा. तिथला १०० म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळातलं सर्वांत वरचं टोक म्हणजे १००. डोंगर केव्हा चढायला लागतो ते बघून आपली पाटी आणि पहिले चार व्हिडिओ त्याच्या महिनाभर आधी तयार ठेवा.

सहावी पायरी: जाहिरात थोडी, आणि हात लावू नका

आधी परवडणारा आकडा काढा. समजा वाशीपेक्षा थेट विक्रीत एका खोक्यामागे सगळा खर्च जाऊन ४०० रुपये जास्त सुटतात. एक घर दोन खोकी, म्हणजे ८००. चार चौकश्यांत एक घर, म्हणजे एका चौकशीला २०० रुपये गेले तर सगळी कमाई संपली. तेव्हा मर्यादा ७० ठेवा. निम्म्या चौकश्या पाटीवरून आणि ओळखीतून आल्या, तर जाहिरातीतून ३२० आणायच्या: साधारण २२,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,४०० च्या वर. आगाऊ १०,००० भरले तर प्रत्यक्ष जाहिरातीला सुमारे ८,४७५ च मिळतात. हे काकांना आधी सांगा, नाहीतर मधले दीड हजार तुम्ही खाल्ले असं वाटायचं.

पोस्टखालचं ‘बूस्ट’चं निळं बटण सोपं आहे म्हणून ते दाबू नका. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जा आणि दाबल्यावर थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात निवडा. मग चार-पाच दिवस तिला हात लावू नका. मेटाची यंत्रणा सुरुवातीला शिकत असते. आठवड्यात पन्नासच्या आसपास अपेक्षित कृती मिळाल्या की ती स्थिरावते. रोज सकाळी बजेट बदललं, दुपारी फोटो, संध्याकाळी वयोगट, की ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून. हात आवरणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे, आणि ते कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहून मिळत नाही.

पैसे देऊन कोणाकडून रील करून घेतलीच (पान दोनवर ‘नाही’ लिहिलंय, तरीही), तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

सातवी पायरी: मोजायचं किती?

एक तक्ता, सहा रकाने: तारीख, नाव, भाग, कुठून कळलं, किती खोकी, तक्रार. बस. ‘कुठून कळलं’ हे वहिनींनी पहिल्याच संभाषणात विचारायचं. यंत्राने मोजता येतं, पण शेजारच्या काकूंनी सांगितलं हे कुठलंही यंत्र सांगत नाही, आणि हंगाम संपल्यावर बहुतेक तीच ओळ सर्वांत मोठी निघते.

साधं एक पानी संकेतस्थळ असलंच तर प्रत्येक ठिकाणच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा, म्हणजे गूगल ॲनालिटिक्समध्ये कोण कुठून आलं ते वेगळं दिसतं. शिकताना जुने व्हिडिओ टाळा. आधीची ॲनालिटिक्स पद्धत १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदवत नाही, तरी तिचे धडे अजून फिरताहेत. बटणं पाठ करू नका, ती बदलतात. ‘माणूस आला कुठून, गेला कुठे, पैसे दिले का’ हे तीन प्रश्न बदलत नाहीत.

शुक्रवारी टेम्पो सुटला की अर्धा तास काकांसोबत बसा. लाइक्सचा विषय काढू नका. रोजच्या तेराचे किती झाले, एका चौकशीला किती पडले, तक्रारी कोणत्या. सलग दोन आठवडे चौकश्या येताहेत पण खोकी जात नाहीत, तर दोष जाहिरातीत शोधू नका. किंमत बघा, उत्तराला लागणारा वेळ बघा. चौकश्याच येत नसतील तर मजकूर आणि परिघ बघा. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आठवी पायरी: तुमचं स्वतःचं लक्ष

ज्याचं दुकानच लक्ष विचलित करण्याच्या यंत्रात आहे, त्याने लक्ष टिकवायचं कसं? व्हिडिओ टाकायला ॲप उघडलं आणि चाळीस मिनिटं दुसऱ्यांच्या रील्स पाहिल्या, ही या पेशातली नेहमीची गळती. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम खालावतं. कमेंटला उत्तर, मग डिझाइन, मग जाहिरातीचा आकडा, मग पुन्हा कमेंट, अशा दिवसात नेमकं तेच होतं.

म्हणून दिवसाचे वाटे करा. सकाळचे दोन तास बनवण्याचे: लिहिणं, संपादन. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. टाकायचं काम आठवड्यातून एकदा, मेटाच्या बिझनेस सूटमध्ये वेळ लावून. उत्तरं द्यायला दोन ठरलेल्या वेळा. आकडे फक्त शुक्रवारी. ‘ट्रेंड बघतोय’ हे काम आहे की विरंगुळा, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. काम असेल तर त्यालाही घड्याळ लावा.

एआयची साधनं मसुद्याला बरी. पण त्यांचं मराठी बरेचदा सरकारी पत्रकासारखं येतं, आणि कोणी न केलेले दावेही ती आत्मविश्वासाने लिहून देतात: ‘शंभर टक्के सेंद्रिय’, ‘तीन पिढ्यांची परंपरा’. काकांनी बाग २००५ साली विकत घेतली असेल तर? प्रत्येक ओळ काकांना वाचून दाखवूनच बाहेर जाऊ द्या.

एकाच वेळी किती धंद्यांचं काम घ्यावं? सुरुवातीला दोन, फार तर तीन, आणि त्यांचे हंगाम वेगळे असलेले उत्तम. आंबेवाले आणि शाळाप्रवेशाचे क्लास दोघेही एप्रिल-मेमध्येच ओरडतात. आंब्याला दिवाळी फराळाची जोड जमते.

आणि काका मध्येच म्हणतील, “जरा काजूचं पण टाका की!” सरळ नाही म्हणू नका. विचारा, “टाकतो, पण या आठवड्यातलं काय काढू?” बहुतेक वेळा काका स्वतःच काजू जूनवर ढकलतात.

शेवटची पायरी: चाव्या

हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं, पण लोक शेवटीच वाचतात म्हणून इथे. सगळी खाती मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या सिमवर उघडा. गूगल नोंदीवर काका मालक, तुम्ही व्यवस्थापक. फेसबुक पेज, जाहिरात खातं यांचंही तसंच, आणि जाहिरातीचं बिल काकांच्या कार्डावर. व्हॉट्सॲपची दुहेरी पडताळणी चालू करून तिचा पिन वहिनींच्या वहीत. गिऱ्हाइकांचा तक्ता दर रविवारी उतरवून काकांना मेल.

तुमचा मोबदला एका कागदावर लिहून घ्या: काय करणार, काय नाही, महिन्याचे किती, कोणत्या तारखेला. जाहिरातीचे पैसे आणि तुमचे पैसे कधीही एकत्र करू नका. विक्रीवर टक्केवारी मिळेल अशी बोली ऐकायला छान वाटते, पण अवकाळी पाऊस, वाढलेलं ऊन आणि गळलेला मोहोर तुमच्या हातात नसतो. नवख्याने ठरावीक रक्कमच घ्यावी. पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागायला लाजू नका. काकासुद्धा आंबा पाठवण्याआधी क्यूआरच पाठवतात.